आमची विजेची मोटार

कराडच्या आमच्या गल्लीत ती प्रथम आली, तेव्हा ती आल्याचे कोणास कळलेच नाही. सायंकाळची वेळ होती. शेजारच्या आजी ओट्यावर वाती वळीत बसल्या होत्या, आणि रस्त्याच्या मधोमध गल्लीतला तांबडा कुत्रा पाय ताणून निजला होता. मी मोटार अगदी त्याच्या नाकाशी नेऊन उभी केली, तरी त्याने कान हलविला नाही. मी खाली उतरून दार लावले, तेव्हा कोठे त्या आवाजाने तो दचकून उठला, आणि आजी म्हणाल्या, “अरे, ही गाडी ढकलत आणलीस की काय?”

मुलांनो, मोटार म्हटली की घरघर, धूर आणि पेट्रोलचा वास ह्या तीन गोष्टी तिच्याबरोबर आल्याच, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. आमच्या मोटारीत ह्यांपैकी एकही नाही. ती विजेवर चालते. तिला घरी येऊन तीन पावसाळे झाले. ह्या काळात लोकांनी तिच्याविषयी मला इतके प्रश्न विचारले की, मलाही तिचा नीट अभ्यास करावा लागला. त्यांतल्या काही गोष्टी तुम्हांला सांगतो.

पेट्रोलच्या मोटारीचे झाकण उघडले तर आत केवढा तरी पसारा दिसतो. विजेच्या मोटारीत तसे नाही. एक विजेची मोटर, म्हणजे तुमच्या घरच्या पंख्यात असते त्याच कुळातले, पण फार बलवान असे यंत्र. तिला हवी तशी वीज पुरविणारी एक नियंत्रक पेटी. आणि बसण्याच्या जागेखाली, सबंध तळभर पसरलेली बॅटरी. मुख्य सामग्री एवढीच. गिअर बदलण्याची कटकट नाही, तेल बदलण्याची नाही, आणि ज्यातून धूर जातो ती मागची नळीही नाही. आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक झाकण उघडून बराच वेळ आत पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, “साहेब, ह्यात आम्ही करायचे तरी काय?” त्याच्या बोलण्यात थट्टा होती, तशी थोडी काळजीही होती.

ह्या मोटारीचे खरे गुपित तिच्या बॅटरीत आहे. ती लिथियम नावाच्या धातूच्या आधारे चालते. धातूंमध्ये लिथियम सर्वांत हलका. बॅटरीच्या प्रत्येक लहान घटात दोन कप्पे आहेत अशी कल्पना करा. एका कप्प्यात ग्रॅफाइट, म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असते तेच द्रव्य. दुसऱ्यात एका धातूचे संयुग. दोहोंच्या मध्ये एक पातळ, सच्छिद्र पडदा असतो. लिथियमचे विद्युत्-भारित कण, ज्यांना शास्त्रज्ञ आयन म्हणतात, ते ह्या पडद्यातून एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. त्यांच्या जोडीचे इलेक्ट्रॉन मात्र त्या वाटेने जाऊ शकत नाहीत. शाळेतील दोन वर्गांच्या मध्ये एक अरुंद दार असावे, त्यातून मुले तेवढी जावीत, आणि त्यांची दप्तरे मात्र बाहेरच्या व्हरांड्यातून वाहून न्यावी लागावीत, तशातला हा प्रकार आहे. हे बाहेरून वाहत जाणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच विजेचा प्रवाह. त्यांची वाट मोटरमधून जाते आणि जाता जाता ते तिला फिरवितात. सर्व मुले पलीकडच्या वर्गात गेली की बॅटरी रिकामी झाली. मग घरची वीज जोडून आपण त्यांना पुन्हा अलीकडच्या वर्गात आणून बसवितो. हेच बॅटरी चार्ज करणे. ही जा-ये शेकडो वेळा, किंबहुना त्याहूनही अधिक वेळा होऊ शकते. दर खेपेस थोडी मुले वाटेत कोठे तरी अडकून पडतात, म्हणून वर्षे जातात तशी बॅटरीची शक्ती हळूहळू घटते. ज्या तीन शास्त्रज्ञांनी ह्या घटाचा पाया घातला, ते जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो. त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात ते पारितोषिक मिळविणारा माणूस तोपर्यंत झाला नव्हता.

आता ‘युनिट’ हा शब्द नीट समजून घेऊ, कारण पुढे तो वारंवार येणार आहे. विजेच्या बिलावर तो तुम्ही पाहिला असेल. एक हजार वॅटची इस्त्री एक तास चालू ठेवली की एक युनिट वीज खर्च होते. ७५ वॅटचा पंखा तेवढ्याच विजेवर तेरा तासांहून अधिक वेळ फिरतो. आमच्या मोटारीच्या बॅटरीत ३० युनिटे मावतात आणि साध्या सपाट रस्त्यावर ती एका युनिटात सुमारे सात किलोमीटर जाते. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरली तर दोनशे किलोमीटरांची बेगमी झाली. मोटार विकणारे ह्याहून बराच मोठा आकडा सांगतात. तो प्रयोगशाळेतला आकडा असतो. रस्त्यावरचा आकडा आपला आपणच अनुभवाने ठरवावा.

येथे एक नवलाची गोष्ट आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटांइतकी ऊर्जा साठविलेली असते. म्हणजे अडीचशे किलो वजनाच्या आमच्या ह्या अवजड बॅटरीत जेवढी ऊर्जा आहे, तेवढी अवघ्या सव्वातीन-साडेतीन लिटर पेट्रोलमध्ये सामावते! मग बॅटरी घेण्यात शहाणपण ते काय? शहाणपण असे की, पेट्रोलचे इंजिन त्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचविते. बाकीची उष्णता होऊन हवेत जाते. उभ्या मोटारीच्या झाकणावर हात ठेवून पाहा, म्हणजे पटेल. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेचा नऊ-दशांशाइतका भाग कामी लावते. म्हणून साडेतीन लिटरांत पेट्रोलची मोटार पन्नास किलोमीटर जाते, आणि तेवढ्याच ऊर्जेत आमची दोनशे.

मी नोकरीनिमित्त रोज साताऱ्यास जाऊन येतो. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर होतात. रात्री घरी आलो की ओसरीवरच्या सॉकेटात प्लग बसवायचा आणि सकाळी काढायचा. भ्रमणध्वनी रात्री उशाशी लावून ठेवावा, तसेच हे. पेट्रोलपंपावर रांगेत उभे राहणे संपले. विजेला जेवढे पैसे पडतात, त्याच्या तिपटीहून अधिक पूर्वी पेट्रोलला पडत असत. तथापि एवढे ऐकून हुरळून जाऊ नका. मोटारीची मूळ किंमत पेट्रोलच्या मोटारीहून पुष्कळच अधिक होती, आणि तिचे कर्ज मी अजून फेडीत आहे.

प्लग बसविणे आज सोपे वाटते, पण पहिल्या रात्री तो बसविला तेव्हा चार्जरवर तांबडा दिवा लागला आणि वीज पुढे जाईना. आमचे घर वडिलांच्या वेळचे. भिंतीत तीन भोकांचे मोठे सॉकेट होते खरे, पण त्यातले वरचे भोक नुसते नावाचे होते. त्यामागची तार कोठेच जोडलेली नव्हती. ही तिसरी तार अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडलेली. एखाद्या यंत्रात दोष होऊन वीज त्याच्या पत्र्यात उतरली, तर तिला माणसाच्या अंगातून न जाता सुखरूप जमिनीत जाण्यासाठी ही वाट ठेवलेली असते. मोटारीचा चार्जर मोठा शिस्तीचा. ही वाट मोकळी आहे की नाही हे तो आधी तपासतो आणि नसेल तर कामच करीत नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने परसात एक खोल खड्डा खणला, त्यात धातूचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ ह्यांचे थर दिले आणि वरून घागरभर पाणी ओतले. कोळसा-मिठाने तेथली माती ओलसर राहते आणि वीज तीतून सहज मुरते. आमच्या घरात इतकी वर्षे इस्त्री, मिक्सर, गीझर सारे अर्थिंगवाचून चालले होते, आणि आम्हांला त्याची दादही नव्हती! मोटारीने आमच्या घरातला तो जुना धोका दाखवून दिला, हा तिचा मी पहिला उपकार मानतो. तुमच्या घरी अर्थिंग आहे की नाही, हे वडील माणसांना अवश्य विचारा. स्वतः मात्र सॉकेटास हात लावू नका.

घरच्या सॉकेटातून तासाला जेमतेम तीन युनिटे भरतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास सारी रात्र हवी. महामार्गावर जी मोठी चार्जिंग केंद्रे झाली आहेत, तेथे हेच काम तासाभरात बरेचसे उरकते. परंतु तेथेही एक गंमत आहे. बॅटरी दहा-वीस टक्क्यांवर असताना वीज भराभर आत शिरते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे मात्र मुंगीच्या पावलाने. एस.टी.ची रिकामी गाडी फलाटाला लागली की पहिली माणसे कशी पटापट जागा धरतात! शेवटच्या चार-पाचांना मात्र ‘जरा सरका हो’ करीत जागा शोधावी लागते. बॅटरीत शिरणाऱ्या आयनांचेही तसेच होते. घाई केली तर चेंगराचेंगरी होऊन बॅटरीस इजा व्हावयाची. म्हणून जाणते लोक प्रवासात ऐंशी टक्के झाले की प्लग काढून पुढे निघतात आणि मागच्याला जागा देतात.

ह्या मोटारीने एकदा माझी चांगलीच फजिती केली. सकाळी निघायची वेळ, रात्रभर चार्ज होऊन मोठी बॅटरी भरलेली, आणि मोटार काही केल्या जागी होईना. दिवे नाहीत, दार नीट उघडत नाही. मागाहून कळले की, मोठ्या बॅटरीखेरीज हिच्यात एक लहानशी बारा व्होल्टची बॅटरीही असते. दिवे, कुलपे आणि आतली यंत्रणा जागी करण्याचे काम तिचे. ती बिचारी मान टाकून बसली होती. घरात धान्याची कणगी भरलेली, पण कोठीची किल्ली हरवलेली, अशी आमची अवस्था! त्या दिवशी मी एस.टी.नेच साताऱ्यास गेलो.

विजेच्या मोटारी ही आजकालची कल्पना आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडला तो १८९९ साली, आणि ते वाहन विजेचे होते. बेल्जियमच्या कामी जेनात्झी नावाच्या गृहस्थाने ते फ्रान्समध्ये चालविले. मुंबईत १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेच्या ट्रामगाड्या धावत होत्या आणि १९२५ साली तेथे विजेची आगगाडी सुरू झाली. पण ट्रामला आणि आगगाडीला डोक्यावरच्या तारेतून वीज मिळते. मोटारीला आपली शिदोरी बरोबर न्यावी लागते. ती शिदोरी पूर्वी फार जड असे आणि लवकर संपे. म्हणून पेट्रोलने बाजी मारली. लिथियमची हलकी बॅटरी निघाली, तेव्हा कोठे विजेच्या मोटारीला पुन्हा बरे दिवस आले.

पण माझ्या मते ह्या मोटारीचे खरे कौतुक पाहावयाचे असेल, तर ते घाटात पाहावे. गुहागरजवळच्या एका खेड्यात आमचे मूळ घर आहे. तेथे माझे वृद्ध चुलते, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, आणि काकू राहतात. कराडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तेथून गुहागर असा सुमारे एकशेचाळीस किलोमीटरांचा हा रस्ता. कोयनानगर सोडले आणि घाटाची उतरण लागली की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. मोटार आपण होऊन मंदावते, आणि समोरच्या तबकडीवरचा विजेचा काटा उलट फिरू लागतो. इतका वेळ बॅटरीतून वीज बाहेर जात होती, ती आता आत येऊ लागते.

हे कसे होते? मोटरला वीज दिली की ती चाके फिरविते, हे आपण पाहिले. उलट, चाकांनी मोटरला फिरविले तर ती वीज निर्माण करते. उतारावर मोटारीचे वजन तिला खाली ओढते, चाके फिरतात, ती मोटरला फिरवितात, आणि वीज तयार होऊन बॅटरीत जाते. वीज निर्माण करण्यासाठी जो जोर लागतो, तोच मोटारीला आवरून धरतो. त्यामुळे ब्रेक फारसा दाबावाच लागत नाही. त्याच घाटात मालमोटारींच्या तापलेल्या ब्रेकांचा करपट वास तुमच्या नाकात शिरेल. उंचीवर चढताना मिळविलेली सारी ऊर्जा त्या बिचाऱ्या ब्रेकांच्या उष्णतेत घालवीत खाली येत असतात. माणसांसह आमची मोटार सतराशे किलो भरते. ती साडेपाचशे मीटर खाली आली, तर तिच्या वजनाने केलेले काम अडीच युनिटांइतके होते. त्यातले काही हवेच्या अडथळ्यात व चाकांच्या घर्षणात जाते. तरीही चिपळूणच्या बाजूला उतरेपर्यंत दीड युनिटाच्या आसपास परत मिळाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अट एकच, की निघताना बॅटरीत तेवढी जागा रिकामी हवी. भरलेल्या घागरीत वरून ओतलेले पाणी कोठे राहणार?

आणि मुलांनो, ज्या डोंगरावरून आम्ही वीज मिळवीत उतरतो, त्याच डोंगराच्या पोटात तेच काम केवढ्या प्रचंड प्रमाणावर चालले आहे! कोयना नदी महाबळेश्वराहून दक्षिणेकडे येते आणि मग पूर्वेस वळून कराडला कृष्णेस मिळते. तिला हेळवाकजवळ धरणाने अडविले आहे. त्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. तेथले पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या कड्यातून शेकडो मीटर खाली सोडले आहे. खाली पोफळी येथे, डोंगर कोरून केलेल्या वीजगृहात, ते पाणी मोठमोठी चक्रे फिरविते आणि मग वाशिष्ठी नदीतून समुद्रास जाते. ह्या सबंध प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. घाट उतरणारे पाणी आणि घाट उतरणारी आमची मोटार, दोघांची विद्या एकच. उंचावरची जड वस्तू खाली येताना जो जोर देते, त्याची वीज करावयाची. माझी मुलगी सातवीत आहे. हे ऐकल्यापासून ती घाट लागला की खिडकीतून बाहेर पाहावयाचे सोडून त्या काट्याकडेच पाहत बसते.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात मात्र आम्हांला ह्या सगळ्या युनिटांचा हिशेब फार निराळ्या परिस्थितीत करावा लागला.

आम्ही तीन दिवसांसाठी अण्णांकडे गेलो होतो. पोहोचलो तेव्हा बॅटरीत ११ युनिटे उरली होती. रात्री प्लग बसविला की झाले, असे म्हणून मी आधी जेवण करून घेतले. जेवण होते न होते तोच वारा सुटला, कोठे तरी तारेवर झाड पडले आणि गावाची वीज गेली. कोकणातल्या पावसाळ्यात हे नवीन नाही. दुसरा दिवसही अंधारातच गेला. त्या रात्री नऊच्या सुमारास अण्णा कंदील घेऊन परसात गेले आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरून पडले. त्यांना उठवेना. उजवा पाय हलविला की ते कळवळून ओरडत. खुब्याचे हाड मोडले असावे हे दिसतच होते. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली. ती यावयास दोन तास तरी लागतील असे कळले. शेजाऱ्यांची जीप रत्नागिरीस गेली होती.

चार माणसे जमली, त्यांतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “ह्यांची ती विजेची गाडी आहे ना? पण वीजच नाही, तर ती काय कामाची?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वाटेत, रानात, भर पावसात मोटार थांबली असती, तर अण्णांचे हाल कुत्रा खाता ना. मला क्षणभर काहीच सुचेना.

तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, थांबा. आपण हिशेब करू.” तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जुने पान फाडले आणि कंदिलाजवळ बसली. चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर. नेहमीप्रमाणे युनिटाला सात किलोमीटर धरले तर साडेसहा युनिटे. पण रस्ता चढउताराचा, ओला, आणि मोटारीत माणसे अधिक, म्हणून तिने सातऐवजी पाचच धरले. नऊ युनिटे झाली. अकरातून नऊ गेली, उरली दोन. “पुरतात,” ती म्हणाली, “पण हळू चालवा.”

हळू चालविण्याचे कारण तिने शाळेत नव्हे, मोटारीतच शिकले होते. मोटारीला पुढे जाण्यासाठी हवा बाजूस सारावी लागते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा दुप्पट न होता चौपट होतो. म्हणून सावकाश चालविणाऱ्याची वीज अधिक पुरते. शिवाय मोडलेल्या हाडाचा माणूस न्यावयाचा, तोही सावकाशच. दोन्ही गोष्टींची गरज एकच निघाली. अण्णांना फळीवर निजवून, पुढची एक खुर्ची पूर्ण मागे पाडून, आम्ही त्यांना जपून आत घेतले. काकू मागे त्यांचे डोके धरून बसल्या, आणि त्यांच्या शेजारी माझी मुलगी तो कागद घेऊन. माझी पत्नी घरी थांबली.

वातानुकूलन बंद ठेवून वीज वाचवावी असा माझा बेत होता. पण पाच मिनिटांतच पाचजणांच्या श्वासांनी की काय, पुढची काच अशी धुरकटली की रस्ता दिसेना. (आम्ही चारजणच होतो, त्या वेळी मी किती घाबरलो होतो, हे ह्यावरून समजा.) काच स्वच्छ करण्यास वातानुकूलन लागतेच. तेव्हा दोन मिनिटे चालू, पाच मिनिटे बंद, असे करीत आम्ही निघालो. ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. दर पाच किलोमीटरांनी मुलगी आकडा वाचून दाखवी. “दहा पूर्णांक दोन... साडेनऊ... बाबा, आपण हिशेबाच्या पुढे आहोत.” चढ आला की आकडा भराभर उतरे, आणि उतार लागला की जरा दम धरी. एके ठिकाणी रस्त्यावरून ओढ्याचे पाणी वाहत होते. बॅटरी पाणी शिरू नये अशा रीतीने बंद केलेली असते, पावसाने तिला काही होत नाही. पण वाहत्या पाण्याचा जोर मोटार विजेची की पेट्रोलची हे पाहत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण शहर पुराखाली गेले, तेव्हा दोन्ही तऱ्हांच्या मोटारी पाण्यात गेल्या होत्या. मी थांबलो, दिव्याच्या उजेडात पाणी पाहिले, ते वीतभरही नव्हते आणि पलीकडची पांढरी रेघ दिसत होती, तेव्हाच पुढे गेलो.

चिपळूणच्या रुग्णालयाच्या दारात मोटार उभी केली, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तबकडीवर ४ युनिटे शिल्लक होती. मुलीने कागदावर ‘४’ लिहून त्याभोवती वर्तुळ काढले. तो कागद तिने अजून जपून ठेवला आहे. अण्णांच्या हाडावर दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. मोटार दुसऱ्या दिवशी मी महामार्गालगतच्या चार्जिंग केंद्रावर तासभर लावून भरून आणली.

शस्त्रक्रियेनंतर जरा हुशारी आल्यावर अण्णांनी मला जवळ बोलावले. मला वाटले, कौतुक करतील. ते म्हणाले, “काय रे, आमच्या वडिलांकडे बैलगाडी होती. गाडी दारात सुटली की आधी बैलांना वैरण-पाणी, आणि मग माणसांनी जेवायचे. तू मोटार उपाशी ठेवून आधी जेवलास.” मी काय बोलणार? आल्याबरोबर मी प्लग बसविला असता, तर वीज जाण्यापूर्वी दोन-तीन युनिटे सहज भरली असती, आणि त्या रात्री माझ्या मुलीला एवढा जीव मुठीत धरून आकडे मोजावे लागले नसते.

ह्या मोटारीला धूर नाही असे मी वर म्हटले, त्याविषयी एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. माझी मुलगी एकदा म्हणाली, “आपली मोटार कोयनेच्या पाण्यावर चालते.” ऐकावयास हे फार गोड वाटते, पण ते पुरते खरे नाही. राज्यातल्या साऱ्या वीजकेंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. नळाच्या पाण्यात कोणता थेंब कोणत्या ओढ्याचा हे जसे सांगता येत नाही, तसेच तारेतल्या विजेचे. आणि महाराष्ट्रातली बहुतेक वीज अद्याप चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळूनच होते. कोयनेचे पाणी तर मुख्यतः सकाळ-सायंकाळ, मागणी फार वाढते तेव्हासाठी राखून वापरतात. मी मोटार चार्ज करतो ती रात्री. म्हणजे माझ्या गल्लीत धूर होत नाही, पण कोठे तरी होतो, आणि तेथेही तुमच्यासारखी मुले शाळेत जात असतात. पेट्रोल जाळण्यापेक्षा हा धूर एकंदरीत कमी पडतो हे खरे. नाहीसा होतो हे मात्र खरे नव्हे. ह्यावर आम्ही आमच्यापुरता एक उपाय योजला आहे. गेल्या वर्षी घराच्या गच्चीवर सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या तावदानांची एक रांग बसविली. रविवारी मी घरी असतो, मोटारही घरी असते, त्या दिवशी ती ऊन पिऊन भरते. इतर सहा दिवस ऊन घरी आणि मोटार साताऱ्यास, अशी चुकामूक होते.

अण्णा आता काठी टेकीत चालतात. मागच्या दिवाळीत आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी मला हात धरून जुन्या गोठ्यात नेले. तेथे आता गुरे नाहीत. पण जमीन नुकतीच सारवलेली होती आणि दावणीच्या खांबावर एक नवे कोरे मोठे सॉकेट बसविलेले होते. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर त्यांनी स्वतः मीठ-कोळसा टाकून घेतला होता, आणि काकू रोज सकाळी त्यावर तांब्याभर पाणी ओततात असे कळले. आम्ही सामान उतरवू लागलो, तोच अण्णांनी काठीने गोठ्याकडे खूण केली. मुलगी हसत धावत गेली, प्लग बसविला, आणि हिरवा दिवा लागल्यावर तिने आतूनच ओरडून सांगितले, “अण्णाआजोबा, लागली!” मग आम्ही पाय धुऊन जेवावयास बसलो.